माम्पोईनं हातात दिलेली माती

सार्जंट माम्पोईला राग आला की ती चौकीतली किटली शेगडीवरून उचलते आणि पुन्हा शेगडीवर आदळते. तो आवाज खाली झऱ्यापर्यंत जातो. पाणी भरणाऱ्या बायका हात थांबवून वर बघतात आणि म्हणतात, "आज कुणाची तरी मेंढरं गेली."

मी तिच्याबद्दल सांगतो आहे, कारण जिल्ह्याच्या गावात तिच्याबद्दल जे सांगतात ते खोटं आहे. खोटं ऐकलं की माझ्याही पोटात किटली आदळते.

आमचं गाव हा-मोलुपे, लेसोथोच्या डोंगरात इतकं वर आहे की ढग आमच्या गुडघ्यांना लागून जातात. इथली पोलीस चौकी म्हणजे एक दगडी खोली, वर पत्रा, मागं सापडलेली जनावरं ठेवायचा कोंडवाडा, तीन घोडे आणि चार पोलीस. त्यातला एक कायम पाठ धरून बसलेला. काम एकच, चोरीची मेंढरं शोधायची. खालच्या सपाटीवरच्या माणसाला हे काम हलकं वाटतं. त्याला काय माहीत? मेंढरू म्हणजे आमची लोकर, लोकर म्हणजे पोरांची शाळा, मुलाच्या लग्नात सुनेच्या बापाला द्यायची गुरं, म्हातारपणीची घोंगडी. एका हिवाळ्यात घरातली सगळी मेंढरं गेली की त्या घरातला पुरुष बोलायचा थांबतो. अशी तोंड मिटलेली घरं त्या काळात आमच्या खोऱ्यात वाढत चालली होती.

मेंढरं कोण नेतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. रापोलिले. खिंडीच्या अलीकडं त्याचा तळ होता, खिंडीच्या पलीकडं दक्षिण आफ्रिका. मेंढरं आपल्या पायांनी सीमा ओलांडायची आणि परत यायची नाहीत. पण ठाऊक असणं वेगळं आणि कोर्टात उभं राहणं वेगळं. त्याच्या तळावर आपलं माणूस हवं होतं.

जिल्ह्याच्या गावाहून इन्स्पेक्टर मोलिसे यांनी एकदा असं माणूस पाठवलंही होतं. लोकर घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या वेषात. घोंगडी नवी, टोपी नवी, घोडा भाड्याचा. आमच्याकडं वाटेत भेटेल त्याला थांबून विचारायचं असतं, कुठून आलास, कुठं निघालास, घरचे कसे आहेत. तो हात हलवून पुढं गेला. दुपारपर्यंत अख्ख्या खोऱ्यात झालं, पोलीस आलाय. रापोलिलेनं त्याला पोटभर मटण खाऊ घातलं, त्याच्या सपाटीवरच्या विनोदांवर हसला आणि घोड्याला दाणा देऊन परत पाठवला.

माम्पोईनं त्या दिवशी किटलीचा दांडा तोडला.

"साहेब, इथं कपडे बदलून भागत नाही," ती मोलिसेंना म्हणाली. "इथं माणूस खोकला तरी कुणाचा मुलगा ते कळतं."

"मग काय बदलायचं, सार्जंट?"

"त्याची अब्रू."

आणि तिनं त्सेलिसोचं नाव घेतलं.

त्सेलिसो आमच्याच गावचा, तिचा सगळ्यात चांगला शिपाई. बर्फात ठसे वाचायचा. हातपेटी अशी वाजवायचा की कुत्रीसुद्धा भुंकायची विसरत. तो स्वतःहून तयार झाला. माम्पोई, तो आणि मोलिसे, या तिघांखेरीज कुणाला काही कळणार नव्हतं. कोंडवाड्यातली मेंढरं खाटकाला विकली असा आळ घेऊन त्याला काढून टाकायचं. मग असा पोलीस रापोलिलेला हवाहवासाच वाटेल.

गावप्रमुखाच्या अंगणात सगळं गाव जमतं त्या सभेला आम्ही पित्सो म्हणतो. पित्सोत बोललेला शब्द दगडावर बसतो. त्या सकाळी माम्पोई तिथं उभी राहिली आणि तिनं त्सेलिसोच्या छातीवरचा बिल्ला ओढून काढला. शर्ट फाटला.

"लोकांची सापडलेली मेंढरं विकणारा माझ्या चौकीत नको," ती म्हणाली. "आजपासून हा पोलीस नाही. याला कुणी पोलीस म्हणू नका."

मी तिथं होतो. मीही थुंकलो. सगळेच थुंकले. त्सेलिसो मान खाली घालून हातपेटी पाठीला बांधून निघून गेला, आणि महिन्याभरात बातमी आली की तो रापोलिलेच्या तळावर आहे. कुणालाच नवल वाटलं नाही.

आता त्याच्या आईचं सांगतो.

आमच्याकडं लग्न झालेल्या बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. त्याची आई हेच तिचं नाव. त्सेलिसोची आई ती मात्सेलिसो. जन्मतः ठेवलेलं लिपुओ हे नाव फक्त तिच्या भावाच्या ध्यानात उरलं होतं. बाई ज्वारीची बिअर गाळायची. तिच्या दाराशी काठीवर पांढरं फडकं लागलं की समजायचं, पिंप तयार आहे. तिची जीभ तिच्या बिअरपेक्षा आंबट, पण लोक दोन्हींसाठी यायचे.

पित्सोनंतर ते फडकं उतरलं. ती झऱ्यावर आली तेव्हा एका बाईनं नेहमीसारखी हाक मारली, "मात्सेलिसो, घागर धरू का?"

"त्या नावानं मला हाक मारायची नाही."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. मेंढरं विकणाऱ्याची आई म्हण. तेच मनात आहे ना तुझ्या?"

मग ती तशीच, ओल्या पायांनी, चौकीत शिरली. माम्पोई घोड्याचा खूर साफ करत होती.

"म्मे माम्पोई," ती म्हणाली. वयानं बरोबरीच्या बाईलाही आम्ही मानानं म्मे म्हणतो, पण तिनं तो शब्द थुंकल्यासारखा उच्चारला. "माझ्या चुलीवरचं खाल्लंस तू. तुझा नवरा खाणीत मेला तेव्हा मी तुझं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या पोराचं काही चुकलं होतं तर आधी माझ्या दारात यायचंस. अख्ख्या गावासमोर कपडे फाडलेस त्याचे?"

माम्पोईनं खूर सोडला नाही. "कायदा आहे, म्मे."

"कायदा! तुझ्या कायद्याला आई आहे का गं?"

माम्पोईनं दुसरा खूर उचलला. त्या दिवशी किटली आदळली नाही. आम्ही म्हटलं, बाईला लाज वाटली असेल. आम्हाला कुठं माहीत होतं?

खिंडीच्या वाटेवर दगडांची एक रास आहे. येणारा जाणारा तिच्यावर एक दगड ठेवतो, म्हणजे वाट नीट जाते. त्सेलिसो तिथं पांढरा दगड ठेवायचा. माम्पोई गस्तीवर गेली आणि रास पांढरी दिसली की दुसऱ्या दिवशी ती दोघं वरच्या गुहेत भेटायची. तो सांगायचा, कुणाची मेंढरं आली, कानाच्या खुणा कशा बदलल्या, खिंड कुणाच्या हुकमानं उघडते. लोकर कातरायच्या दिवसांआधी रापोलिले सगळी मेंढरं एकत्र आणणार होता, आणि तेव्हाच त्याला मालासकट धरायचं ठरलं होतं. हे सगळं तिनं मला फार पुढं सांगितलं, रागानं दात आवळून.

"प्रत्येक वेळी जाताना तो एकच म्हणायचा," ती म्हणाली. "म्मे, आईला तेवढं सांगा. फक्त आईला."

ती मोलिसेंकडं गेली. घोड्यावरून दिवसभराची वाट.

"आईला सांगू द्या, साहेब."

"बिअर विकणाऱ्या बाईला?" मोलिसे हसले. "सार्जंट, पिंप उघडायच्या आधी गोष्ट रापोलिलेच्या घरी पोचेल."

"ती तशी नाही."

"सगळ्या आया तशाच असतात. कातरणीपर्यंत थांबायला काय होतंय?"

"कातरणीपर्यंत ती रोज मरतेय."

"हे पोलीस खातं आहे, चर्च नाही. जा."

ती गेली. हुकूम तो हुकूम, असं तिला शिकवलं होतं, आणि तिनं ते पाळलं. वाटेत तिनं घोड्याला उगाच चाबूक मारला आणि मग उतरून त्याच्या मानेत तोंड खुपसून रडली. हेही तिनंच सांगितलं.

हिवाळ्यात मात्सेलिसोला खोकला लागला. घरात शेणी होत्या, पण पेटवायला तिच्यात जीव नव्हता. माम्पोई दोनदा तिला बघायला गेली. आत काय बोलणं झालं ते तेव्हा कुणाला कळलं नाही. दुसऱ्या वेळी ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की माझ्या कुत्र्यानं वाट सोडली.

बर्फ वितळायच्या आधी मात्सेलिसो गेली.

त्सेलिसोला निरोप पोचवावा लागलाच नाही, असल्या बातम्या वारा नेतो. आईच्या मातीला मुलानं यायचंच असतं. चोराच्या तळावरही हे कुणी अडवत नाही, उलट सोबत माणसं देतात. रापोलिलेनं दोघं दिली. त्यातला फाकिसो म्हणजे रापोलिलेचा डोळा होता. लाल टोपी, पातळ मिशी, आणि सगळीकडं हळूहळू फिरणारी नजर.

त्या शनिवारी सगळं खोरं जमलं होतं. बैल कापला होता, बायकांनी मोठ्या हंड्यांत पापा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, शिजवला होता. एक माणूस उठून आजार कसा आला, शेवट कसा झाला ते सांगतो, तसं एकानं सांगितलं. मग शवपेटी खड्ड्यात उतरली. आमच्या रीतीनं पहिली मूठ थोरल्या मुलाची. त्सेलिसो पुढं वाकला.

त्याच्या मामानं त्याच्या मनगटावर काठी ठेवली.

"नाही," मामा म्हणाला. न्ताते सेखोबो, पुरुषाला मानानं आम्ही न्ताते म्हणतो; म्हातारा, ताठ, चर्चच्या पंचांतला. "इथं लिपुओला पुरतोय आम्ही. माझ्या बहिणीला. मात्सेलिसो कुणी नव्हती. तसं ती स्वतःच म्हणायची. ज्या मुलानं तिचं नाव खाल्लं, त्याची माती तिला नको."

"मामा..."

"आणि तुझं डोकंही मी भादरणार नाही. केस ठेव. लोकांना कळू दे तुझी आई कुणीच नव्हती."

आमच्याकडं आईबाप गेले की मुलांचं डोकं भादरतात, आणि ते काम मामाचं. एक बाई पुटपुटली, "बरोबर आहे." मलाही बरोबरच वाटलं होतं. धाकट्या बहिणींनी माती टाकली. त्सेलिसो बाजूला उभा, उघडा हात तसाच पुढं, जणू कुणी त्यात काही ठेवेल.

आणि माम्पोईनं ठेवलं.

ती खड्ड्याच्या कडेला आली, वाकली, मूठभर माती उचलली आणि त्याच्या हातात दिली. त्याची बोटं आपल्या हातानं मिटली. एवढंच. कुठल्याही शेजारणीनं केलं असतं ते. पण बिल्ला ओढून काढणारी तीच होती, आणि हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं.

मी फाकिसोकडं पाहिलं. तो हसला नाही, दचकला नाही. फक्त त्यानं टोपी डोक्यावर नीट बसवली आणि घोड्यांकडं एक पाऊल मागं सरकला.

माम्पोईनंही ते पाहिलं. तेव्हा तिला कळलं की तिच्या हातानं काय केलं आहे. आता त्सेलिसो त्या तळावर परत गेला तर त्याचं प्रेतही आम्हाला सापडणार नाही. आणि गेला नाही तर जन्मभर मेंढरं विकणारा म्हणूनच राहील, कारण मोलिसे तोंड उघडणार नाहीत. हे मी आता शांतपणे सांगतो आहे. तिला विचार करायला तेवढाही वेळ नव्हता.

"ऐका!" ती ओरडली. मातीच्या वेळी कुणी ओरडत नाही. पाद्री चपापला. "हा माझा शिपाई आहे! यानं मेंढरं विकली नाहीत. मी खोटं बोलले, आणि हुकमानं बोलले. रापोलिलेच्या तळावर याला मी बसवलंय. न्ताते सेखोबो, काठी काढा!"

फाकिसो आणि दुसरा घोड्यांवर बसले होते. तिचे दोन शिपाई काळे कोट घालून खांद्यावर फावडी घेऊन उभे होते. ते काय करणार? घोड्यांच्या टापा खोऱ्यातून वर गेल्या, आणि कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "गेली मेंढरं."

खरंच गेली. संध्याकाळच्या आत रापोलिले सगळा तळ उठवून खिंडीपलीकडं गेला. माझी मेंढरं त्यात होती. माझ्या भावाची होती. कातरणीपर्यंत थांबलं असतं तर ती आमच्या कानाच्या खुणांसह परत आली असती. हे आम्ही माम्पोईला तोंडावर बोललो. झऱ्यावर बायका तिच्याकडं पाठ करायच्या. कुणीतरी तिच्या दाराशी मेंढीचं रिकामं कातडं टाकलं. ती ते उचलून आत घेऊन गेली.

मोलिसे पांढऱ्या गाडीतून आले आणि त्यांनी तिच्या दंडावरच्या फिती काढून घेतल्या. त्सेलिसोचं विचारल्यावर म्हणाले, "कोण त्सेलिसो? चोरीसाठी बडतर्फ केलेला ना? बाईचं डोकं फिरलंय. त्याला ती पाठीशी घालतेय." जिल्ह्याच्या गावात अजून हेच सांगतात.

म्हणजे बघा. माणूस आमच्यासाठी चोराच्या ताटात जेवला, आईला मुकला, आणि खातं म्हणतं कोण तो. तो गावाच्या कडेला पडक्या झोपडीत राहत होता. बहिणींची डोकी भादरलेली, त्याच्या डोक्यावर केस. रस्त्यानं जाताना पोरंही त्या केसांकडं बघायची. मामा म्हणायचा, "एकदा ती म्हणते चोर, एकदा म्हणते शिपाई. साहेब म्हणतो चोर. मी कुणाचं ऐकू?"

शेवटी माम्पोईनं गावप्रमुखाकडून पित्सो मागितली. पित्सोत घातलेला शब्द पित्सोतच काढता येतो. तिनं मोलिसेंना बोलावणं पाठवलं की गाव चोरीचा जाब विचारणार आहे, म्हणून ते आले. गणवेशाला इस्त्री होती.

माम्पोई फिती नसलेल्या शर्टावर घोंगडी घेऊन उभी राहिली. "याच जागी मी याचा बिल्ला काढला," ती म्हणाली. "तो शब्द मी परत घेते. मेंढरं माझ्या हातानं गेली. माझ्यावर रागवा, मला मारा, तुमचा हक्क आहे. पण याच्यावर थुंकलात ते पुसा. साहेब इथं बसलेत. त्यांना विचारा, हे तिघांनी मिळून ठरवलं होतं की नाही."

मोलिसे उठले. "खात्याच्या गोष्टी पित्सोत बोलत नाहीत." आणि गाडीकडं चालू लागले.

तेव्हा जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. मात्सेलिसोबरोबर बिअर गाळणाऱ्या म्हाताऱ्या बायका उठल्या आणि गाडीच्या पुढं रस्त्यावर जाऊन बसल्या. पाय पसरून, घोंगड्या गुंडाळून, जशा पिंपाभोवती बसतात तशा.

मोलिसेंनी भोंगा वाजवला.

"वाजव, वाजव," एक म्हातारी म्हणाली. "हातपेटी तो पोरगा तुझ्यापेक्षा बरी वाजवतो."

"म्मे, बाजूला व्हा. सरकारी गाडी आहे."

"मग माझ्यावरून ने. मी सरकारी म्हातारी आहे."

"तुझ्या आईला कुणाची आई म्हणून ओळखतात रे?" दुसरीनं विचारलं. "तुझीच ना? मग तिच्यासाठी तरी बोल."

लोक गाडीभोवती आले. कुणी हात उगारला नाही. पण आमचा राग इतके महिने चुकीच्या माणसांवर सांडत होता, आणि आता त्याला त्याची जागा सापडली होती. मोलिसेंनी काच दोन बोटं खाली केली.

"तो... खात्याच्या कामावर होता."

"ऐकू नाही आलं!"

"कामावर होता म्हटलं ना!"

"कोण?"

"कॉन्स्टेबल त्सेलिसो!"

"चोर आहे का?"

त्यांनी स्टीअरिंगकडं बघितलं. "नाही."

म्हाताऱ्या उठल्या, एकीनं दुसरीला हात दिला, भरपूर वेळ घेऊन. गाडी गेली. धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

न्ताते सेखोबो काठीवर रेलून उभा होता. मग तो खुरडत त्सेलिसोपाशी गेला.

"मात्सेलिसोच्या मुला," तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इथं बस."

कुणीतरी पाण्याचं भांडं आणलं. मामानं वस्तरा काढला आणि गावप्रमुखाच्या अंगणात, दगडावर बसवून, भाच्याचं डोकं भादरलं. केस उन्हात पडत होते. कुणी गाणं म्हटलं नाही, कुणी रडलं नाही. माझ्या हातात माम्पोईच्या घोड्याचा लगाम होता, म्हणून पुढचं मी ऐकलं.

त्सेलिसो उठला, डोक्यावरून ओला हात फिरवला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आजारात तुम्ही आईकडं गेला होता," तो म्हणाला. "तिनं माझं विचारलं का?"

"विचारलं."

"काय?"

"खरंच विकली का गं त्यानं, एवढंच."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

माम्पोईनं घोंगडीची पिन चाचपली. "मी चहा केला," ती म्हणाली. "तिला चहा करून दिला."

मग त्यानं माझ्याकडं वळून रीतीप्रमाणं विचारलं, "न्ताते, घरचे कसे आहेत?" मी म्हणालो, बरे आहेत. तो निघून गेला.

खात्यानं त्याला परत घेतलं, दुसऱ्या खोऱ्यातल्या चौकीत. सणावारी तो येतो. आईच्या कबरीवर दगड ठेवतो, वाटेत भेटेल त्याला थांबून विचारपूस करतो, माझ्यासारख्या थुंकलेल्यालासुद्धा. माम्पोई समोरून आली तर घोडा बाजूला घेऊन गप्प पुढं जातो. तिच्या फिती अजून मिळालेल्या नाहीत.

एकदा मी तिला म्हणालो, "पोरानं आता राग सोडून द्यायला हवा. तू त्याचा जीव वाचवलास."

"तो बरोबर करतोय," ती म्हणाली, आणि किटली अशी आदळली की खाली झऱ्यावरच्या बायकांनी वर पाहिलं.